सहल न्यायची तर कालव्यावर!



उन्हाळा जवळ आला की आपल्या मराठी वर्गात सहलीवर खल सुरू होतो आणि शेवटी बहुमत थीम पार्कच्या बाजूने पडते. तिथे मुले तासभर रांगेत उभी राहतात, दोन मिनिटे किंचाळतात आणि पुन्हा रांगेत जातात. आपण पालक बाकावर बसून पिशव्या सांभाळतो. यंदा आम्ही वेगळी सूचना मांडत आहोत. एक दिवस नॅरोबोट भाड्याने घेऊन कालव्यावर जाऊ या. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि एका स्नेह्यांचे कुटुंब असे ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून डंडासपर्यंत जाऊन आलो. त्या अनुभवावरून हे लिहीत आहोत.

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उसाला पाणी देणारा पाट येतो. इंग्लंडमधले हे कालवे मात्र मालवाहतुकीसाठी खणले गेले. काठावरच्या पायवाटेने घोडा चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. नॅरोबोटीची रुंदी जेमतेम सात फूट, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत! आता घोड्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली आहे, पण वेग तोच. ताशी चार मैलांची मर्यादा आहे. काठावरून कुत्र्याला फिरवणारे आजोबा आपल्या पुढे निघून जातात, तेव्हा मुलांना फार गंमत वाटते.

बोट सुरू करण्यापूर्वी आम्ही मुलांना गावातले लॉक दाखवायला नेले. लॉक म्हणजे बोटीला पाण्याची पातळी बदलून देणारा हौद. दोन्ही टोकांना दारे. खालच्या झडपा उघडल्या की पाणी उतरते, वरच्या उघडल्या की चढते. दोन्ही बाजूंचे पाणी समपातळीला आल्याशिवाय दार हलत नाही, कितीही जोर लावा. आल्यावर मात्र दहा-बारा वर्षांची मुलेसुद्धा पाठ टेकून ते अवजड दार ढकलू शकतात. आमच्या मुलीने एका अनोळखी बोटीसाठी ते ढकलले आणि दिवसभर तेच सांगत होती. मोठ्यांचा हात सोबत हवा, हे सांगायला नकोच.

पुढे डंडासचा पूल लागतो. जॉन रेनी या अभियंत्याने बांधलेला हा दगडी पूल १८०५ मध्ये पूर्ण झाला. खालून एव्हन नदी आणि रेल्वे जाते, आणि वरून पाण्यासकट आपली बोट! तिथून जवळच क्लॅव्हर्टनचे पंपघर आहे. १८१३ पासून तिथे नदीच्याच प्रवाहाने पाणचक्की फिरायची आणि नदीचेच पाणी ४८ फूट उचलून कालव्यात सोडायची. ना वीज, ना कोळसा. आम्ही संगणकाच्या प्रोग्रॅमवर पोट भरणारी माणसे, पण हे समजून घेताना पुन्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात गेल्यासारखे वाटले.

मात्र यंत्रांपेक्षाही आम्हाला या कालव्याचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. केनेट अँड एव्हन कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली आणि १८५२ मध्ये त्याच रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या कालव्याचे काय होणार? गाळ साचला, लॉक मोडकळीस आले. १९६८ च्या कायद्याने देशातल्या कालव्यांचे तीन गट पाडले: व्यापारी, सहलीचे आणि 'उरलेले'. केनेट अँड एव्हन उरलेल्यांत गेला. पण हार न मानणारे स्वयंसेवक शनिवार-रविवारी फावडी घेऊन येत राहिले. ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला.

आता आपल्या वर्गाकडे वळू. अकरा वर्षांवरील मुलांचा मराठी वर्ग बंद करावा, अशी कुजबुज सध्या ऐकू येते. कारण काय, तर गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू या भाषांची जीसीएसई आहे, मराठीची नाही. मग उपयोग काय? पालकहो, हा प्रश्न विचारणे गैर नाही. मुलांवर अभ्यासाचे ओझे आहे, आपल्याला शनिवारी पोहणे, पियानो, फुटबॉल सगळे सांभाळायचे असते. पण परीक्षा नाही म्हणून मराठीला 'उरलेल्या' गटात टाकले, तर गाळ साचायला किती वेळ लागेल?

आमच्या घरचेच सांगतो. घरातले मराठी "जेवायला चला", "दात घासलेस का" आणि "फोन ठेव" एवढ्यावर आले होते. बोटीवर मात्र दोर सोड, ओढ, सैल कर, आवळ, वाक, अडव अशी क्रियापदे एका दिवसात वापरली गेली. सुकाणू डावीकडे ढकलले की बोटीचे तोंड उजवीकडे वळते, हे मुलाला मराठीतूनच समजावले आणि त्यानेच पुढे ताईला समजावले. बोट बांधताना निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक दोघांना कळला. हे शब्द पुस्तकातून दहा वेळा गिरवून आले नसते. हाताला काम होते, म्हणून तोंडाला शब्द आले.

म्हणून आमच्या सूचना दोन. पहिली, यंदाची सहल कालव्यावर न्यावी. भाड्याच्या लहान बोटीत सर्वसाधारणपणे दहा-बारा जण मावतात. शिवाय शाळा आणि मंडळांसाठी धर्मादाय संस्था चालवतात अशा मोठ्या बोटीही असतात, त्यांची चौकशी करायला आम्ही तयार आहोत. खर्च वाटून घेतला की थीम पार्कच्या तिकिटांशी तुलना करून पाहता येईल. प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट, प्रत्येक बोटीवर पुरेसे मोठे, आणि डब्यात दडपे पोहे!

दुसरी, मोठ्या मुलांचा वर्ग चालू ठेवावा, पण नुसता वही-पेन्सिलीचा नको. महिन्यातून एक तास एका पालकाने आपले काम मराठीतून शिकवावे. कोणी स्वयंपाक, कोणी सायकल दुरुस्ती, कोणी शिवण. सायकलच्या तासाचा पहिला महिना आमच्याकडे.

कालव्यांचेही सगळे सुरळीत आहे असे नाही. २०१२ पासून ते एका धर्मादाय ट्रस्टकडे आहेत. २०२७ पासून दहा वर्षे सरकारी अनुदान दरवर्षी पाच टक्क्यांनी घटणार, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. म्हणजे स्वयंसेवकांची गरज वाढणारच. आपणही एखाद्या शनिवारी काठावरचा कचरा उचलायला गेलो, तर ज्या देशात राहतो त्याचे थोडे देणे फिटेल.

पुढच्या पालकसभेत हा विषय घ्यावा, ही विनंती. विरोधात बोलणाऱ्यांनीही जरूर यावे, मात्र बोलावे मराठीतून!