शिव्यांची पदवी

एखाद्या दुर्बोध कलावंताची वकिली करावयाची झाली, कीं हल्लीं एकच पुरावा पुढें केला जातो : 'लोकांनीं त्याला शिव्या दिल्या होत्या!' तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या. सबब ज्याच्या वह्या आज कोणी उघडून पाहत नाहीं तोहि उद्यांचा तुकोबाच, असा हा अजब न्याय आहे.

'सुइसाइड', म्हणजे आत्महत्या, असें अभद्र नांव धारण करणाऱ्या न्यूयॉर्कच्या जोडीवर जें स्तुतिपर वाङ्मय निघतें त्यांत हाच न्याय राजरोस वापरलेला दिसतो. ॲलन व्हेगा गाणारा आणि मार्टिन रेव्ह वाजविणारा. गिटार नाहीं, ताल धरावयास माणूस नाहीं. एक स्वस्तांतला विजेचा ऑर्गन व आपोआप ठोके देणारी एक पेटी, एवढाच सरंजाम. १९७० पासून खटपट करून त्यांची पहिली तबकडी निघाली ती १९७७ सालीं, 'रेड स्टार' या लहानशा स्वतंत्र कंपनीकडून. पुढल्याच वर्षीं, १६ जून १९७८ रोजीं, ब्रुसेल्स येथें एल्व्हिस कॉस्टेलोच्या जलशापूर्वीं त्यांना उभें करण्यांत आलें. श्रोत्यांनीं कॉस्टेलोच्या नांवानें ओरडा केला, ध्वनिक्षेपक पळविला, आणि तेवीस मिनिटांत सारें आटोपलें. त्या गोंधळाचें ध्वनिमुद्रण पुढें प्रसिद्ध झालें, व आज तें विद्यापीठाच्या सनदेसारखें मिरविलें जातें.

पण त्या आरोळ्यांनीं सिद्ध काय झालें? नाटकाला तिकीट काढून आलेल्यांपुढें कोणी वेदान्तावर प्रवचन मांडलें, तर प्रेक्षक त्याला खालीं ओढतील. तेवढ्यावरून तो शंकराचार्य ठरत नाहीं. चांगल्या गवयाला आणि भिकार गवयाला मिळणारी हुर्यो एकाच आवाजाची असते. तिच्यावरून गुण पारखणारा टीकाकार स्वतःचे कान वापरीतच नाहीं. शिव्या देणाऱ्यांचेच उसने घेतो आणि फक्त निकाल फिरवितो!

ती तबकडी मोठी आहे, असें माझेंहि मत आहे. पण त्याचें कारण तबकडींतच सांपडलें पाहिजे. तीवरील 'फ्रँकी टिअरड्रॉप' दहा मिनिटांहून अधिक चालतें. कारखान्यांतला एक तरुण मजूर. पगारांत घर चालत नाहीं. शेवटीं तो बायकोला, मुलाला व स्वतःला मारतो. व्हेगाचा आवाज कुजबुजतो, अडखळतो, किंकाळी फोडतो. आणि खालची पेटी आपले ठोके तसूभरहि न बदलतां देत राहते. आपल्याकडे तबलजी गवयाकडे पाहतो, त्याचा श्वास अडला तर सांवरून घेतो. यालाच आपण साथ म्हणतों. येथें साथच नाहीं. हातांनीं वाजविणारा कितीहि निर्दय असता तरी त्या किंकाळीला दचकला असता. यंत्र दचकत नाहीं, आणि फ्रँकी राबतो तो कारखानाहि दचकत नाहीं. ती पेटी तेथें कां हवी, याचें याहून दुसरें उत्तर मला ठाऊक नाहीं.

इंग्रज कादंबरीकार निक हॉर्नबी यानें २००३ सालच्या आपल्या 'थर्टीवन साँग्ज' या पुस्तकांत या गीताविषयीं लिहिलें, त्याचा आशय असा, कीं एकदां ऐकलें तेवढें पुरे. आतां कलेकडून भेदरवून घेण्याची आपल्याला हौस उरलेली नाहीं. रसिकमंडळींना हा भ्याडपणा वाटेल. मला तो त्या स्तुतिपाठकांहून प्रामाणिक वाटतो, कारण त्यानें गीत ऐकून गीतालाच उत्तर दिलें आहे. माझा वाद त्याच्याशीं आहे तो निराळा : भय त्याला ऐकूं आलें, करुणा ऐकूं आली नाहीं. ती ऐकूं आली ब्रूस स्प्रिंगस्टीनला. कामगाराच्या घरांतून आलेल्या, अफाट लोकप्रिय अशा त्या गायकाच्या १९८२ च्या 'नेब्रास्का'वर या जोडीची छाया आहे. २००५ सालीं त्यांचें 'ड्रीम बेबी ड्रीम' तो आपल्या जलशांतून गात असे, आणि श्रोते मुकाट्यानें ऐकत.

आमच्या घरीं ती तबकडी मीं दार लोटून लावली होती. संगीताचा गंध नसलेली माझी वडील बहीण पिठाच्या हातांनीं धांवत आली आणि म्हणाली, "अरे, कोण रडतंय?"