हप्ता महिन्याला, कमाई सुगीला

पन्नास-साठ हजारांत धंदा टाकायचा म्हटले, की मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात बहुतेकांचा हिशोब एकाच प्रश्नापासून सुरू होतो: गाळा कुठे मिळतो? मग अनामत, रंगरंगोटी, काचेचे काउंटर, रॅक, चारचौघांचे फोटो छापलेला फ्लेक्स, उद्घाटनाचे पेढे. माल भरायची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि तोवर जे काही उरले असेल तेच भांडवल ठरते. हा क्रमच उलटा आहे असे माझे म्हणणे आहे. तोकड्या पैशातला धंदा सहसा पहिल्या दिवशी पैसा कमी पडला म्हणून बसत नाही. तो तीन-चार महिन्यांनी बसतो, जेव्हा खेळते भांडवल निम्मे उधारीच्या वहीत आणि निम्मे घरखर्चात गेलेले असते. दुकानदाराच्या या चुकीला बँकेच्या कर्जाची रचनाही हातभार लावते, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही.

समजण्यापुरता एक हिशोब मांडू. जवळ साठ हजार रुपये आहेत आणि किराणा दुकान टाकायचे आहे. अनामतीला १५ हजार, काउंटर-रॅक-फ्लेक्सला २० हजार, उद्घाटन आणि किरकोळ धरून ५ हजार, म्हणजे मालाला उरले २० हजार. रोजची विक्री दोन हजारांची आणि नफा शेकडा दहा धरला, तर दिवसाला दोनशे रुपये सुटतात. कागदावर धंदा चांगला दिसतो. आता विक्रीचा चौथा हिस्सा उधारीवर जातो असे धरा, आणि गावाकडे हे प्रमाण मुळीच जास्त नाही. रोज पाचशेची उधारी म्हणजे दुकानदाराच्या खरेदीचे साडेचारशे रुपये वहीत गेले. पंचेचाळीस दिवसांत वीस हजार दोनशे पन्नास. दीड महिन्यात मूळचा सगळा माल वहीत जाऊन बसला. रोखीच्या विक्रीवर दिवसाला जे दीडशे सुटतात, ते भाडे, वीजबिल आणि कर्जाच्या हप्त्यात संपतात. दुकान चालते आहे, गिऱ्हाईक आहे, नफाही आहे. फक्त नांदेडहून किंवा उदगीरहून नवा माल आणायला पैसे नाहीत. फडताळे रिकामी दिसू लागली, की रोखीचे गिऱ्हाईक आधी दुसरीकडे वळते. उधारीवाले तेवढे येत राहतात.

हा दीड महिना वर्षात कुठे पडतो, यावर बरेच अवलंबून आहे. मुखेड हा बालाघाटाच्या डोंगरातला, मुख्यतः कोरडवाहू तालुका. गावाला रेल्वे नाही, मोठी कारखानदारी नाही. मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब, बेटमोगरा इथल्या बाजारात फिरणारा पैसा शेवटी शेतातून तरी येतो, नाहीतर हैदराबाद-पुणे-मुंबईला गेलेल्या माणसांकडून आणि ऊसतोडीच्या उचलीतून. मृगात बी-खतावर घरातली रोकड जाते. तिथून सोयाबीन निघेपर्यंत हातात पैसा नसतो आणि खर्च मात्र नेमके याच काळात येतात: शाळा, पोळा, गणपती, महालक्ष्म्या. मराठवाड्यातला पोळा श्रावण अमावास्येचा आणि लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचे, म्हणजे मध्ये बरोबर दोन महिने. सोयाबीन काढून, वाळवून, मोंढ्यावर नेऊन पट्टी हातात पडेपर्यंत आणखी एक महिना धरा. ‘सोयाबीन निघालं की देतो’ या वाक्यात लबाडी नसते. पण त्या वाक्यावर विसंबणाऱ्या दुकानदाराला नव्वद-शंभर दिवस तग धरावा लागतो, आणि वरच्या हिशोबातला दुकानदार पंचेचाळिसाव्या दिवशीच मोकळा झालेला आहे.

शिवाय ठरलेल्या दिवशी पैसा येईलच याची खात्री नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर त्याच्या बरेच खाली होते. ज्याला थांबणे शक्य होते त्याने माल घरात ठेवला. त्या पोत्यांत शेतकऱ्याबरोबर किराणावाल्याचे, शिंप्याचे, मोटार बांधणाऱ्याचेही पैसे अडकून पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, हसनाळ, रावणगाव भागात घरांत पाणी शिरले, पिके गेली. पंचनामा शेताचा होतो, घराचा होतो. त्या घराकडे येणे असलेल्या दुकानाच्या वहीचा पंचनामा कुठल्याच नमुन्यात बसत नाही.

म्हणून साठ हजारांतले निदान पंचवीस हजार माल भरून झाल्यावरही हाताशी उरले पाहिजेत. वीस हजारांचा माल, पंचवीस हजारांची राखण, आणि बाकी सगळ्या मांडामांडीला पंधरा हजार. मग तीच रोजची पाचशेची उधारी शंभर दिवस पेलते. पंधरा हजारांत चौकातला गाळा बसणार नाही हे उघड आहे. त्याऐवजी घराची पुढची खोली, जुने काउंटर, आठवडी बाजारात एक दिवस बसणे, हे करावे लागेल. दाराशी फ्लेक्स नसला तर गिऱ्हाईक येत नाही, अशी समजूत आहे. ज्या गावात कोण कुणाचा कोण हे सगळ्यांना ठाऊक असते, तिथे या समजुतीचा खर्च निदान पहिल्या वर्षी टाळता येतो. कागदपत्रांचाही फार बाऊ नको. उद्यम नोंदणी फुकट आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर नुसती सूचना पुरते. एजंटला हजार-दोन हजार देण्यासारखे त्यात काही नाही.

आता बँकेकडे येऊ. प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. पहिल्या दहा वर्षांत तिच्यातून ५२ कोटींहून अधिक कर्जे आणि ३२ लाख कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली, असा सरकारचा आकडा आहे. म्हणजे सरासरी कर्ज साठ-बासष्ट हजारांच्या घरात. आपण बोलतो आहोत तो हाच माणूस. विनातारण पन्नास हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज ही त्याच्यासाठी मोठीच सोय आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण कर्जाची फाईल चालते कोटेशनवर. काउंटर, फ्रीज, शिलाई मशीन, गिरणी यांचे कोटेशन मिळते आणि रक्कमही पुष्कळदा विक्रेत्याच्याच खात्यावर जाते. ‘भाद्रपदात तग धरण्यासाठी’ असे कोटेशन कुठल्याच दुकानात मिळत नाही. साहजिकच पैसा वस्तूंत जातो आणि हप्ता दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो. योजनेत मुद्रा कार्डाची तरतूद आहे, त्यावर खेळते भांडवल लागेल तसे उचलता आणि भरता येते. अर्जदाराने ते आग्रहाने मागावे. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये आलेल्या स्वनिधी योजनेने खेळत्या भांडवलाची गरज थेट मान्यही केली. सुरुवातीला दहा हजार, आता पंधरा हजार. पण परतफेड तिथेही महिन्याच्या हप्त्याने.

खरी विसंगती मात्र एकाच शाखेच्या दोन टेबलांत दिसते. एका टेबलावर शेतकऱ्याला किसान क्रेडिट कार्डावर पीककर्ज मिळते. ते फेडायचे पीक विकल्यावर, कारण त्याला दर महिन्याला पगार नाही हे बँकेला १९९८ पासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, मान्य आहे. दुसऱ्या टेबलावर त्याच शेतकऱ्याला साखर, तेल, चहापत्ती उधार देणारा दुकानदार बसलेला असतो. त्याची कमाई त्याच सोयाबीनवर अवलंबून आहे, तरी त्याने ऑगस्ट-सप्टेंबरातही हप्ता भरायचा. एक हप्ता चुकला की दंड, तीन चुकले की खाते थकबाकीत, आणि मग पुढच्या कर्जाची वाट बंद. हप्ता भरण्यासाठी तो खासगी मायक्रोफायनान्सचे आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज काढतो, किंवा बायकोच्या बचत गटातून उचल घेतो. मग ‘दुकान चाललं नाही’ असे म्हटले जाते.

हप्त्याच्या वेळेने एवढा फरक पडतो का, या प्रश्नाचे उत्तर कोलकात्यात शोधले गेले आहे. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही कर्जदारांचा हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी, तर काहींचा दोन महिन्यांनी सुरू केला. कर्ज तेवढेच, फरक फक्त पहिल्या हप्त्याच्या वेळेचा. सुमारे तीन वर्षांनी सवलत मिळालेल्यांचा धंद्यातला नफा इतरांपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी जास्त निघाला. याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: सवलत मिळालेल्यांत थकबाकीही वाढली. बँकेचा अधिकारी नेमके यावरच बोट ठेवील, आणि त्याचे चुकत नाही. पण त्यावरून एवढेच निघते, की अशा कर्जाला थोडा जास्त व्याजदर, जास्त हमी किंवा जास्त देखरेख लागेल. पीककर्जातही थकबाकी होते. म्हणून कुणी शेतकऱ्याला मासिक हप्ता लावत नाही.

दुसरा आक्षेप असा, की गरिबाकडे भांडवलच नाही, त्याला आधी भरपूर पैसा द्या, मग नियोजनाच्या गोष्टी सांगा. मुखेडची माणसे ज्या हैदराबादला कामाला जातात, तिथेच यावरचा एक गाजलेला प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १०४ वस्त्यांपैकी निम्म्या चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडल्या, तिथे मायक्रोफायनान्स संस्थेने शाखा उघडल्या आणि पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो वाढवला. पण सर्वसाधारण कुटुंबाच्या खर्चात, मुलांच्या शिक्षणात किंवा बाईच्या घरातल्या निर्णयशक्तीत म्हणावा असा फरक पडला नाही. पैसा मिळाला की धंदा आपोआप उभा राहतो, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

याचे एक कारण, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कारण, घर आणि दुकान यांचा एकच गल्ला हे आहे. मुलाची फी, पाहुण्यांचा आहेर, दवाखाना, सगळे दुकानाच्या गल्ल्यातून. आता त्यात क्यूआर कोडची भर पडली आहे. भिंतीवरचा कोड बहुधा घरातल्याच कुणाच्या तरी बचत खात्याला जोडलेला असतो. त्याच खात्यातून मोबाइलचा रिचार्ज होतो, त्यातच पेन्शन किंवा शेतकरी सन्मानाचे दोन हजार येतात. संध्याकाळी खात्यात किती आहे ते कळते. त्यातले दुकानाचे किती, ते कळत नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या धंदेवाल्यांना दोन प्रकारे शिकवून पाहिले गेले. काहींना रीतसर जमाखर्च शिकवला. काहींना फक्त ढोबळ नियम सांगितले: दुकानाचे आणि घराचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवा आणि स्वतःला ठरलेला पगार घ्या, वगैरे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रीतसर जमाखर्च शिकलेल्यांत फारसा बदल दिसला नाही. दोन खणवाल्यांचा हिशोबही सुधारला आणि मंदीच्या आठवड्यांत विक्रीही सावरली. दुसरे खाते काढून त्याला वेगळा क्यूआर जोडायला आज काही खर्च नाही. आपल्याकडची उद्योजकता प्रशिक्षणे मात्र अजून प्रकल्प अहवाल कसा भरायचा, यातच दिवस घालवतात.

थोड्या पैशातला धंदा म्हटले की लिज्जत पापडाचे नाव निघतेच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, एवढे सगळ्यांना पाठ असते. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. हंगामाने घातलेली अडचण त्यांनी ओळखली आणि पैसा तिथे घातला. देणग्या घ्यायच्या नाहीत, हिशोब चोख ठेवायचा हे सुरुवातीलाच ठरले होते. बायका पीठ घेऊन जातात, घरी पापड लाटतात. त्यामुळे मोठी शेड, मोठे भाडे हा प्रश्नच आला नाही. आज तिथे चाळीस हजारांहून अधिक बहिणी काम करतात. मुंबईतले गिऱ्हाईक आणि मुखेडचे गिऱ्हाईक यांत फरक आहे हे कबूल. शहरात पगार दर महिन्याला होतो, तिथे रोखीवर अडून बसता येते.

गावात ते जमत नाही, हा शेवटचा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप. उधारी नाकारली तर उद्या मयतीला, लग्नाला तोंड कसे दाखवायचे? शेजारचा दुकानदार देतोच आहे. हे खरे आहे, आणि ‘आज रोख उद्या उधार’ ही पाटी लावणारेही उधारी देतात. म्हणून उधारी बंद करा असे मी म्हणत नाही, तिला कुंपण घाला म्हणतो. एका घराला अमुक रुपयांपर्यंत, सगळ्या गावाला मिळून राखीव रकमेइतकी, आणि वहीच्या पहिल्याच पानावर ती बेरीज. दुकानदार स्वतःच्या मर्जीने नाही म्हणतो तेव्हा माणूस दुखावतो. मर्यादा आधीच सगळ्यांना सारखी सांगितलेली असेल, तर राग निवळायला जागा राहते. तरी काही गिऱ्हाईक तुटेल. ते बहुधा तेच असेल, ज्याचे नाव वहीत तीन सुग्या ओलांडून आलेले आहे.

बँकेच्या बाजूने काय करता येईल? नांदेडलाच मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आणि मे २०२५ पासून विदर्भ-कोकण मिळून राज्याची एकच ग्रामीण बँक झाली. ग्रामीण बँका १९७५ नंतर निघाल्याच मुळी अशा गिऱ्हाइकासाठी. एवढ्या मोठ्या बँकेला एका तालुक्यात दोन-तीन हंगाम प्रयोग करणे अवघड नाही. पन्नास हजारांच्या कर्जातले निम्मे वस्तूंसाठी आणि निम्मे उचल-भरणा खात्यात द्यायचे. जुलै ते ऑक्टोबर फक्त व्याज घ्यायचे, मुद्दल डिसेंबर ते मार्चमध्ये, सोयाबीन, तूर, हरभरा बाजारात येईल तसे. आणि अट एकच, दुकानाचा क्यूआर वेगळ्या खात्याला जोडलेला हवा, म्हणजे विक्री बँकेलाही दिसेल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या बँकांच्या सल्लागार समितीत दर तिमाहीला मुद्राची उद्दिष्टे किती टक्के गाठली याचा आढावा होतो. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घालावा: दोन वर्षांपूर्वी कर्ज दिलेल्या दुकानांपैकी आज किती उघडी आहेत.