वेळ यावी लागते... मग तोवर काय?

मंडळी, आज जरा भांडायचंय. देवाशी नाही, देवाच्या नावावर आपण जो आळस खपवतो त्याच्याशी.

"वेळ यावी लागते हो!" पोराला नोकरी लागत नाही? वेळ यावी लागते. मुलीचं लग्न जमत नाही? वेळ यावी लागते. आमच्या गुलमंडीवर सुपारी मारुतीपुढे शनिवारी जितके नारळ फुटत असतील, तितक्यांदा हे वाक्य कानावर पडतं.

वाक्य खरं आहे. देवाची वेळ देवालाच ठाऊक, हे मीही मानतो. पण ते बोलून बोलणारा मोकळा होतो आणि चालू लागतो, याचा मला राग येतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचे यजमान डायलिसिसवर आहेत. किडनी कधी मिळेल याची वाट पाहणं चाललंय. हे वाक्य त्यांना शंभर जणांनी ऐकवलं असेल. "आज दवाखान्यात मी बसतो, तुम्ही घरी जाऊन झोपा" असं म्हणणारे मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात.

वाट कशी पाहावी हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर. एकनाथ महाराज लहान वयात घर सोडून देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्लेदार होते. देवदर्शनाची ओढ घेऊन आलेल्या या मुलाच्या हाती आली हिशेबाची वही! एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर जागला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. देव कधी भेटेल माहीत नाही, पण आजचा हिशेब आज चोख. निष्ठा म्हणतात ती ही. आमच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट गंगाजलाची. काशीहून रामेश्वराकडे कावड चाललेली. किती महिन्यांची चाल! वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी गंगाजल त्याच्या तोंडात ओतलं. बरोबरचे हळहळले, यात्रा फुकट गेली म्हणून. नाथांच्या लेखी मात्र ते पाणी तिथेच रामेश्वराला पोचलं होतं.

ही गोष्ट कीर्तनात ऐकून आपण डोळे पुसतो. आणि घरी येऊन काय करतो? नळाला कितीतरी दिवसांनी एकदा पाणी येणं या शहरानं वर्षानुवर्षं भोगलंय. आपलं पाणी येतं ते जायकवाडीहून. १९७६ साली लोकार्पण झालेल्या त्या धरणाच्या जलाशयाला नाव कोणाचं? नाथसागर! नाथांच्या नावाचं पाणी पिऊन आपण गच्चीवरची टाकी आधी काठोकाठ भरतो. शेजारची म्हातारी रिकामी कळशी घेऊन उभी असली तर तिला सांगतो, "येईल हो, वेळ यावी लागते."

आमची आत्या म्हणेल (आत्या, वाचत असशील तर रागावू नकोस गं), "ज्याच्या स्वतःच्याच घरात दुखणं आहे, त्यानं दुसऱ्याचं कधी बघायचं?" प्रश्न रास्त आहे. पैसा नसतो, अंगात त्राण नसतं. पण वाट पाहण्यातला सगळ्यात जीवघेणा भाग एकटेपणाचा, आणि तो वाट पाहणाऱ्यालाच कळतो. देवळाच्या रांगेत स्वतःचं गाऱ्हाणं सांगताना पुढच्या माणसाचंही एक नाव घ्यायला काय लागतं? एक फोन, एक डबा, तासभर सोबत... यासाठी आपलं दुखणं बरं होण्याची वाट पाहावी लागत नाही.

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' या म्हणीला आपण हसतो. पण "वेळ यावी लागते" म्हणून हात झटकणारा माणूस त्याच खाटल्यावर आडवा झालेला असतो. फक्त त्यानं कपाळाला गंध लावलेलं असतं, म्हणून त्याला कोणी हसत नाही.

असो. फार बोललो. पुढच्या वेळी हे वाक्य ओठावर आलं, तर त्याला एक शेपूट जोडून बघा : "वेळ यावी लागते... तोवर मी काय करू, सांगा."

तुम्हाला पटतंय का? नसेल तर खाली भांडा, मी आहेच.