‘जर-तर’चे इंग्रजी आणि घरची मराठी

इंग्रजी व्याकरणात आपल्याकडील विद्यार्थ्याची सर्वाधिक फजिती कोठे होत असेल, तर ती ‘इफ’ या इवल्याशा शब्दापाशी. आमचे म्हणणे असे की, ही फजिती बुद्धीच्या उणिवेमुळे होत नाही. त्याला उत्तम येत असलेली मराठी वर्गाबाहेर ठेवून इंग्रजी शिकवल्यामुळे होते.

यवतमाळ जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे ही विसंगती विशेष जाणवते. तेथील कोरडवाहू शेतीचे सारे वर्षच जर-तरवर चालते. पाऊस आला तर कापूस-सोयाबीन पेरायचे. पेरल्यावर त्याने दडी मारली तर दुबार पेरणी करायची. वऱ्हाडीत ‘तर’चे ‘तं’ होते, एवढेच. संकेतार्थ ही गोष्ट त्या मुलाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. ती तो रोज ऐकत असतो. वर्गात मात्र त्याच्यापुढे पहिला, दुसरा, तिसरा अशा प्रकारांचा तक्ता येतो, आणि घोकंपट्टी सुरू होते.

आता नेमकी चूक कोठे होते ते पाहू. ‘पाऊस आला असता तर पीक वाचले असते’ या वाक्याची दोन्ही अंगे मराठीत एकाच घडणीची आहेत: इकडे ‘असता’, तिकडे ‘असते’. म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतो आणि ‘इफ इट वुड हॅव रेन्ड’ असे लिहितो. काही इंग्रजी भाषकही बोलताना असे म्हणतात. पण प्रमाण लेखनात ‘इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड’ असेच हवे. मराठी दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकते. इंग्रजी ‘वुड’ फक्त फळाच्या पारड्यात टाकते, अटीच्या नाही. ‘पाऊस येईल तर’वरून सुचणारे ‘इफ इट विल रेन’ही याच कारणाने चुकते. म्हणजे ही चूक आंधळी नाही. तिच्यामागे मराठीचा एक नियम आहे, आणि तो दाखवून दिला तर ती सुधारणे सोपे जाते.

शिवाय मराठी येथे केवळ अडथळा आणत नाही, वाटही दाखवते. ‘उद्या पाऊस आला तर पेरणी करू’ हे वाक्य घ्या. गोष्ट उद्याची, क्रियापद मात्र ‘आला’! कोणाही मराठी माणसाला यात वावगे वाटत नाही. अटीच्या वाक्यात क्रियापदाचे रूप घड्याळाप्रमाणे चालत नाही, हे त्याला न शिकवता ठाऊक आहे. मग इंग्रजी भविष्याबद्दल बोलताना ‘इफ इट रेन्स टुमॉरो’ असे वर्तमानाचे रूप वापरते, किंवा शक्यता दूरची वाटली की ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ असे भूतकाळाचे रूप घेते, याचे त्याला नवल का वाटावे? ‘मी रोज शेतात असतो’ आणि ‘मी तुझ्या जागी असतो तर’ या दोन वाक्यांतला ‘असतो’ दिसायला एकच, अर्थाने निराळा. हे ज्याला कळते त्याला ‘इफ आय वर यू’ परके वाटण्याचे कारण नाही. ‘पाऊस आला की पेरू’ आणि ‘पाऊस आला तर पेरू’ यांतील खात्रीचा फरक ज्याला जाणवतो, त्याला ‘व्हेन’ आणि ‘इफ’ यांतला फरक वेगळा समजवावा लागू नये.

तक्त्याची आणखी एक उणीव आहे. ‘तेव्हा पाऊस आला असता तर आज घरात कापूस असता.’ अट गेल्या काळातली, फळ आजचे. इंग्रजीत हे ‘इफ इट हॅड रेन्ड देन, देअर वुड बी कॉटन इन द हाउस टुडे’ असे होईल. तीन प्रकारांच्या चौकटीत हे वाक्य कोठेच बसत नाही. आणि यवतमाळच्या मुलाला खरोखर सांगायचे असेल ते नेमके हेच.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर वाढलेल्या पिढ्या मराठीच्या आधाराने इंग्रजीपर्यंत पोचत असत. पुढे ती पद्धत जुनाट ठरली. केवळ भाषांतराने इंग्रजी बोलता येत नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु तुलना म्हणजे भाषांतर नव्हे. दोन भाषा शेजारी ठेवून त्यांची घडण पाहणे निराळे, आणि शब्दास शब्द ठेवणे निराळे. यवतमाळात कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी घरात बोलणारी मुलेही आहेत. त्यांच्या भाषेत अट कशी बांधली जाते, हे शिक्षकाने त्यांनाच विचारावे; उत्तर देताना ती मुले अर्धे व्याकरण शिकलेली असतील.

हा खटाटोप गुणांपुरता नाही. कर्ज, विमा, करार यांच्या कागदांवर माणसाचे हक्क अटींच्या वाक्यांतच बांधलेले असतात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट होती. ती पाळली तर काय आणि न पाळल्यास काय, हाच शेतकऱ्याच्या दृष्टीने सारा मजकूर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, ती भाषेच्या माथी मारणे योग्य नव्हे. तरी डोळ्यांत गेल्यास, पोटात गेल्यास काय करावे, या सूचना अटीच्याच वाक्यांत असतात, हे विसरता येत नाही.

आणि अट वाचता येणे एवढेच पुरेसे नाही, ती मांडताही आली पाहिजे. ‘पाणी वेळेवर सुटले असते तर पीक वाचले असते’ हे वाक्य केवळ हळहळ नसते. ते कोणाकडे तरी बोट दाखवते. घरच्या भाषेत हे वाक्य मुलाजवळ आहेच. तेच वाक्य इंग्रजीतील अर्जात, तक्रारीत वा न्यायालयात त्याला बिनचूक लिहिता यावे, एवढ्यासाठी तरी शिक्षकाने तक्ता काही काळ मिटून ठेवावा, आणि फळ्यावर पहिले वाक्य त्या मुलाचे लिहावे.