आंबवलेले आणि आंबलेले

'आंबणे' हा आपल्या रोजच्या बोलण्यातील साधा शब्द. पण दवाखान्यात बसले की त्याची किती रूपे कानावर येतात! इडलीचे पीठ आंबते, सकाळची आमटी आंबते, दिवसभर खुरपणी केली की अंग आंबते आणि जेवण जड झाले की पोटातही आंबते. शब्द एकच असला तरी आत घडणारी गोष्ट प्रत्येक ठिकाणी निराळी असते. यातील पहिल्या दोघांची गल्लत झाली, तर प्रकरण सलाईनपर्यंत जाते. म्हणून आज हा विषय.

शाळेच्या पुस्तकात यासाठी 'किण्वन' असा शब्द आहे. 'किण्व' म्हणजे मद्य करताना घालायचे खमीर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याची कृती आहे आणि गंमत म्हणजे तीत उडीद व तांदूळच सांगितले आहेत. शब्द जुना आहे, शास्त्रशुद्धही आहे; पण मुलगा परीक्षेत त्याची व्याख्या घोकून लिहितो आणि स्वयंपाकघरात झाकून ठेवलेल्या विरजणाशी तिचा काही संबंध आहे, हे त्याच्या गावीही नसते. मला विचाराल तर आपला 'आंबवणे' हाच शब्द आरोग्याच्या दृष्टीने अधिक कामाचा आहे. त्यातील 'व' महत्त्वाचा. आंबणे आपोआप होते. आंबवणे कोणीतरी जाणून करते.

घरची बाई दूध तापवते, कोमट होऊ देते, त्यात चमचाभर चांगले दही घालते आणि झाकून ठेवते. याचा अर्थ असा, की बहुतेक जंतू तिने आधी मारले आणि मग ओळखीचे जंतू भरपूर संख्येने सोडले. हे जंतू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. (हे काम जिवंत सूक्ष्म जीवांचे आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ साली मांडले.) आम्ल वाढले की बहुतेक अपायकारक जंतूंचा तिथे जम बसत नाही. ज्यांना दुधाने पोट बिघडते, त्यांना दही बहुधा पचते ते यामुळेच. आंबोळी, इडली, ढोकळा यांच्या आंबवलेल्या पिठात धान्या-डाळींमधील लोह शरीराला अधिक चांगले मिळते. एवढे गुण असूनही कोणाच्या उत्साहावर पाणी पडले की आपण 'विरजण पडले' म्हणतो, हा विरजणावर अन्यायच आहे!

आता सकाळची आमटी. ती दिवसभर ओट्यावर राहिली. तिच्यात डावावरून, हातावरून, माशीच्या पायावरून कोणता जंतू गेला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. "डॉक्टर, जरा आंबूस लागत होती, पण चांगली उकळून घेतली," हे वाक्य मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. उकळल्याने जंतू मरतात हे खरे. पण काही जंतूंनी तोवर अन्नात सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. भाताचेच पाहा. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे भात शिजवल्यावरही जिवंत राहतात. पातेल्यात भात तासन्‌तास कोमट राहिला की ती वाढतात आणि विष तयार होते. सकाळी त्याला खमंग फोडणी दिली म्हणून ते जात नाही. असा भात खाल्ल्यावर तास ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

याच्या उलट, हातावर पिकलेली जखम असलेल्या माणसाने खव्याची मिठाई वळली, तर तीत स्टॅफिलोकॉकस जंतूचे विष तयार होऊ शकते आणि तरीही ना चव बदलते ना वास. म्हणून "आंबलेले नाही ना, मग खा" हेही धरून चालू नये. आंबूस वास आला, बुळबुळीत झाले, तार सुटली तर टाकावेच. पण वास आला नाही म्हणजे अन्न निर्धोक, असे नाक सांगू शकत नाही.

अन्न टाकणे पाप, हा संस्कार मला मान्य आहे. पण तो पाळतो कोण? बहुतेक घरांत उतरलेली भाजी मुलांना वाढत नाहीत, पुरुषांच्या ताटात तर नाहीच नाही. ती मागाहून गुपचूप खाते आई किंवा सून, कधी कधी दिवस गेलेली सून. पाच-दहा रुपयांची बचत तिच्या पोटावर करायची, ही काटकसर मला पटत नाही. रात्रीचे माप मूठभर कमी घ्यावे. उरलेच तर दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिज नसेल त्यांनी एका वेळेपुरतेच शिजवावे.

अंग आंबण्याचे म्हणाल, तर स्नायूंत साठणारे लॅक्टिक आम्ल विश्रांतीनंतर साधारण तासाभरात निघून जाते. दुसऱ्या दिवशीचा ठणका स्नायूंना झालेल्या बारीक इजांचा असतो. आणि 'पोटात आंबते' ती जळजळ बहुधा जठरातील आम्लाची. मात्र चाळिशीनंतर जळजळीबरोबर घाम सुटला, छाती भरून आली, तर सोडा पिऊन वाट पाहू नये; आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

घरात उलट्या-जुलाब सुरू झालेच, तर जलसंजीवनीचे लिटरचे पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवावे, अर्ध्या पाण्यात नाही. पाकीट नसेल तर तेवढ्याच पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे आणि घोट घोट पाजत राहावे. मूल मलूल पडले, सहा तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा पाजलेले काहीच टिकत नसेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.