तास संपल्यावरची दहा मिनिटं

माध्यमिक शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं. विद्यापीठात मात्र नेट, सेट किंवा पीएच.डी. झाली की वर्ग तुमच्या ताब्यात! विषय किती येतो, हे तिथे तपासलं जातं. तो साठ मुलांना कसा समजवायचा, हे बहुतेकांना वर्गात उभं राहिल्यावरच कळतं. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात खरे, पण चार पर्यायांतून उत्तर निवडणं सोपं. मागच्या बाकावरच्या जांभईला उत्तर देणं अवघड.

तुम्ही नुकतेच सहायक प्राध्यापक झाला असाल, किंवा घरातली लेक-सून झाली असेल, तर एक छोटी वही घ्या. तासानंतर दहा मिनिटं, बस्स. आठवड्याला १६ तास शिकवायचे, वर पेपर तपासणी आणि नॅकच्या फायली. रोज जमणार नाही. आठवड्यातून दोनदा चालेल.

अमेरिकेतील डोनाल्ड शॉन यांनी १९८३च्या पुस्तकात दोन प्रकारचं चिंतन सांगितलं: काम करता करता केलेलं आणि काम झाल्यावर केलेलं. पहिलं अनुभवानं जमतं. नवख्याला वर्गात घड्याळ, फळा आणि स्वतःचा आवाज सांभाळतानाच दमछाक होते. म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून.

वहीत काय लिहायचं? 'मुलं लक्षच देत नाहीत' असं नको. ती तक्रार झाली. समजा, संख्याशास्त्रात प्रमाण विचलन शिकवलं. तर लिहा: 'सूत्र आधी लिहिलं. पुढच्या दोन रांगा उतरवत होत्या, मागे वह्या बंद. समजलं का विचारलं, तिघं हो म्हणाले. मला राग आला.' हो, रागही लिहायचा. ग्रॅहॅम गिब्ज यांच्या १९८८च्या चक्रात भावनांना वेगळी पायरी आहे, आणि प्राध्यापक मंडळी नेमकी तीच गाळतात. राग कशाचा, हे शोधलं की बऱ्याचदा खाली भीती सापडते: 'आपल्याला शिकवता येत नाही की काय?'

मग पुढचा प्रश्न: असं का झालं? साठ जणांसमोर 'नाही समजलं' कोण म्हणेल? त्याऐवजी शेवटची दोन मिनिटं राखून चिठ्ठ्या घ्या, नाव न लिहिता: आज काय अडलं? आणि पुढच्या बॅचला सूत्राआधी दोन फलंदाज द्या. एकाच्या धावा ३८, ४०, ४२. दुसऱ्याच्या ०, २०, १००. सरासरी दोघांची ४०च. संघात कोणाला घ्याल? वाद सुरू झाला की सूत्राची गरज मुलांनाच वाटू लागते. जमलं का, तेही वहीत लिहा.

इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणी शिकवत असाल, तर चिठ्ठी कोणत्याही भाषेत लिहायची मुभा द्या. विषय अडला आहे की इंग्रजी, ते लगेच कळतं.

एकट्यानं विचार करताना आपण स्वतःला एकतर फार माफ करतो, नाहीतर फार झोडपतो. स्टीफन ब्रूकफिल्ड यांनी १९९५ मध्ये चार भिंगं सुचवली: स्वतःचा अनुभव, विद्यार्थ्यांची नजर, सहकारी आणि अभ्यासकांचं लेखन. सहकाऱ्याला एकदा मागच्या बाकावर बसवा. मात्र तुमचा गोपनीय अहवाल लिहिणारे विभागप्रमुख नकोत, बरोबरीचं कुणीतरी बरं.

सत्राच्या शेवटी कॉलेज अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतंच. पण तोवर ही मुलं पुढे गेलेली असतात. चिठ्ठ्या चौथ्या आठवड्यातच घ्या, म्हणजे आत्ता समोर बसलेल्यांनाच त्याचा उपयोग होईल.