सुईणीच्या हाती काय दिलंत?

२०२४ च्या पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा संपर्क तुटला. अशा वेळी बाळंतिणीचा रक्तस्राव थांबला नाही, तर दोन तासांत खेळ संपतो. मग बोल कुणाला? सुईणीला! पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करणं, वार पूर्ण पडली का पाहणं, हे तिला शिकवता येतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अभ्यासात (२००६) बाळ जन्मल्यावर नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. अतिरक्तस्राव १२ ऐवजी ६.४ टक्के बायकांनाच झाला. पाकिस्तानात चित्रालला शिकवलेल्या सुईणींनीही हे करून दाखवलं. या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही. ‘दवाखान्यातच या’ म्हणता? येऊ की! आधी रस्ता, रक्त आणि रात्री हजर असणारी नर्स द्या. तोवर सुईणीला रिकाम्या हाती ठेवणं हा बाईच्या जिवाशी खेळ आहे.